कुठंही चालेल

सगळे झोपलेत. मी मागच्या खोलीत टेबलापाशी बसलेय आणि हे मोबाइलवर टाइप करतेय, कारण लॅपटॉपवर साधं पान उघडायला तयार नाही. आणि आज नव्या नेट कनेक्शनचा पहिला दिवस.

कनेक्शनबद्दल तक्रार नाही. हॉलमध्ये सगळं पळतंय. तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते मलाच कळेना, म्हणून लिहायला घेतलं.

सकाळी फायबर जोडायला मुलगा आला. घरभर फिरून त्यानं भिंती पाहिल्या, खिडकीशेजारी बोटानं टकटक करून अंदाज घेतला आणि ड्रिल हातात घेण्याआधी मला विचारलं, "ताई, राउटर कुठं बसवायचा? तुमचं काम जास्त कुठं असतं?"

मी म्हणाले, "कुठंही चालेल."

एवढंच. दिवसभर तेच टोचतंय.

आधी हा प्रश्न कधी आलाच नव्हता. फोनचा सॉकेट पॅसेजमध्ये होता, त्यामुळे मोडेमही तिथंच. तांब्याच्या तारांची जोडी भिंतीतून यायची, पुढं स्प्लिटर, त्यातून एक वायर फोनला, एक मोडेमला. आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि नेट त्याच्या बरंच वर, दोन्ही एकाच तारेवरून. हे मला पाठ आहे, कारण पाऊस सुरू झाला की लाइनवर खरखर यायची, नेट तुटायचं आणि रिसीव्हर कानाला लावून ऐकायला मीच उभी असायचे. स्प्लिटर काढून बघ, वायर घट्ट कर, तक्रार नोंदव, तक्रारीचा नंबर लिहून ठेव. कंटाळा यायचा. पण पॅसेजची ती भिंत आणि माझं टेबल यात चार पावलांचं अंतर होतं, आणि ते मला न मागता मिळालेलं होतं.

आज पहिल्यांदा जागा निवडायची वेळ आली आणि निवडायला मी नव्हतेच. म्हणजे होते, तिथंच उभी होते. नवऱ्यानं लगेच टीव्हीच्या शेजारचा कोपरा दाखवला. धाकटी म्हणाली, तिथून माझ्या खोलीचं दार सरळ समोर येतं, बेस्ट. आईंना फोन हाताशी हवा होता, आणि फोन आता फायबरच्या डब्यालाच लावायचा, म्हणून त्याही हॉल म्हणाल्या. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. "हिचं काम मागच्या खोलीत असतं" हे कुणाच्याच तोंडून आलं नाही.

जुनं कनेक्शन बंद करायचा अर्ज मी केला. परत द्यायचा मोडेम, त्याचा अडॅप्टर, वायर, सगळं पिशवीत भरून मी ठेवलं. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनमध्ये परत टाकत बसायला नको. तो मुलगा गेल्यावर दहा मिनिटांत सगळ्यांचं आपोआप जोडलं गेलं. काही बदललंय हेसुद्धा कुणाला जाणवलं नाही. मला मात्र फार वाटलं, कुणीतरी विचारावं, हे कसं काय जमलं गं?

फोनचंही एक आहे. जुनी तार एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट घेऊन यायची, घरातले दिवे गेले तरी फोन चालू. आता दिवे गेले की फोनही गेला. आत्याला हे सांगायला हवं, ती रात्री-अपरात्री त्याच नंबरवर... असो.

तर मी त्या मुलाजवळ उभी राहून त्याचं काम बघत होते. त्यानं केबलचं काळं आवरण सोललं, आतून पांढरा धागा काढला, त्यावरचा लेप चिमट्यासारख्या हत्यारानं खरवडला आणि अल्कोहोलनं पुसला. राहिली ती नुसती काच, १२५ मायक्रॉन, केसाएवढी. त्यातूनही प्रकाश जातो तो मधल्या ९ मायक्रॉनमधून. कटरनं टोक कापलं आणि उडालेला बारीक तुकडा त्यानं लगेच चिकटपट्टीवर टिपून घेतला. "पायात घुसला तर दिसतही नाही," म्हणाला. मग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती जाड दांडक्यांसारखी दिसत होती, हळूहळू एका रेषेत आली, एक ठिणगी, आणि जोड दिसेनासा झाला. मी श्वास रोखून बघत होते. उरलेल्या केबलचं त्यानं ताटाएवढं वेटोळं केलं. कोपऱ्यात दुमडायची नाही, बाक जास्त झाला की प्रकाश बाहेर गळतो. प्रकाश किती पोचतोय ते बघायला मीटर लावला, उणे २१ डीबीएम. "उणे २७ पर्यंत चालतं, तुमचं छान आहे."

आता लिहिता लिहिता आठवलं, आणि जरा थांबावंच लागलं. मशीन उघडायच्या आधी त्यानं मला पुन्हा विचारलं होतं. "नक्की इथंच ना? एकदा जोडलं की मग हलवायला केबल नव्यानं ओढायला लागेल." माझ्याकडे बघून विचारलं होतं. बाकीचे तोवर आपापल्या कामाला गेले होते. आणि मी म्हणाले, "हो हो, इथंच."

दोनदा. मला दोनदा विचारलं गेलं.

मघापासून मनात घरच्यांशी भांडतेय, आणि दुसऱ्या वेळी तर घरचं कुणी तिथं नव्हतंच. मग कुणासाठी म्हणाले? सवय म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. मला वाटतं, मला हवं होतं की "तुमचं काम कुठं असतं" याचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यावं. त्याला माहीत असावं. त्यांना माहीत नव्हतं असंही नाही, फक्त तेवढ्यात आठवलं नाही, आणि आठवण करून द्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. धाकटीनं तिचं वाक्य सरळ सांगितलं, त्यात तिनं कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. उलट मला आत्ता तिचं कौतुकच वाटतंय.

हॉल आणि ही खोली यांच्यामध्ये दोन भिंती आहेत, आणि वाटेत लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय इथवर पोचतच नाही. २.४ वालं पोचतं, पण अगदी दमून. कपाट हलवून उपयोग नाही, ते हलवलं तरी भिंती राहतातच.

पण राउटरच्या मागं लॅनची रिकामी भोकं आहेत, आणि लॅन केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. तीही तांब्याचीच.

मघाशी शिवणकामाची टेप घेऊन अंधारात हॉलपासून भिंतीच्या कडेकडेनं मोजत आले. आईंच्या दारापाशी टेप संपली, तिथं बोट ठेवून पुढं मोजलं. धाकटीच्या खोलीबाहेरून वळण, मग पॅसेज, जुन्या सॉकेटच्या खालून, मग माझं दार. चौकटीशी फट आहे, भोक पाडायला लागणार नाही. सॉकेटजवळची वायर आज निघाली, तिच्या जागी भिंतीवर फिकट पट्टा राहिलाय. केबल तिथूनच गेली तर तो झाकलाही जाईल.

सकाळी सगळे एकत्र असतील तेव्हा सांगणार आहे. माझं काम मागच्या खोलीत असतं, मला टेबलापर्यंत केबल हवीय. एवढंच वाक्य, मागंपुढं काही जोडायचं नाही.

अठरा मीटर भरली. वळणांना थोडी सैल सोडायची, म्हणजे वीस.