पाव मिलिमीटरची धार

पडद्यावर अंतराळयान फुटलं की आमच्या घरात दोन आवाज होतात. एक स्फोटाचा. दुसरा शेजारच्या सरांचा, "निर्वातात आवाज कुठनं आला?" सर भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा तास अजून संपलेला नाही. हवा नाही म्हणजे माध्यम नाही, माध्यम नाही म्हणजे आवाज नाही, एवढं ते बोटांवर मोजून सांगतात आणि मग खुर्चीत मागे टेकून पुढचा स्फोट मन लावून बघतात. आवाजासकट.

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की कोल्हापुरात मंगळवार पेठेत दादाच्या घरी आमची बैठक बसते. मालिका 'द एक्सपान्स'. २०१५ साली सुरू झाली, २०२२ च्या जानेवारीत संपली. मधे २०१८ मध्ये मूळ वाहिनीनं ती बंद केली, तर चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या कचेरीवर फलक लावलेलं विमान फिरवलं. ॲमेझॉननं ती घेतली आणि आणखी तीन सीझन निघाले. आम्हाला ती पुतणीमुळं सापडली, तीही सगळं संपल्यावर. माणूस मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात जाऊन राहिलाय आणि तिथंही हवा-पाण्यावरून भांडतोय, अशी साधारण गोष्ट. पहिल्याच भागात शनीच्या कड्यांतलं बर्फ पट्ट्यातल्या सेरेस या गोळ्याकडं नेणारं जहाज उडवलं जातं आणि तिकडं पाण्याची बोंब सुरू होते. वहिनी म्हणाली, "यांची बी थेट पाइपलाइन रखडली म्हणा की." काळम्मावाडी धरणातून पाइपलाइननं येणाऱ्या पाण्याची वाट बघण्यात ज्यांची निम्मी हयात गेली, त्यांना याच्या पुढचं कथानक समजावून सांगावं लागत नाही.

ही मालिका विज्ञान पाळते अशी तिची ख्याती, आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. जहाजाचे मजले एकावर एक रचलेले आणि इंजिन तळाशी. ते ढकलत राहतं म्हणून पाय जमिनीला टेकतात. इंजिन बंद झालं की वजनही गेलं. निम्मं अंतर कापलं की जहाज गिरकी घेऊन उलटं होतं आणि तेच इंजिन ब्रेकचं काम करायला लागतं. फार जोरात जायचं तर शरीराला सोसावं म्हणून आधी औषध टोचून घ्यायचं. पृथ्वीवरून मंगळाला निरोप धाडला तर तो पोचायलाच, ग्रह कुठं आहेत त्याप्रमाणे, ३ ते २२ मिनिटं लागतात. सर या सगळ्यावर खूश असतात. पुतणी तर अभियांत्रिकीची. जहाज उलटं झालं की टाळी वाजवते.

दादाची मात्र कधीच समजूत पटली नाही. त्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं, आणि सगळी हयात तापलेल्या लोखंडापाशी गेली. त्याचा प्रश्न एकच. एवढं दांडगं इंजिन चालवायचं, तर उष्णता टाकायची कुठं? निर्वातात वारा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर जाणार ती फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपानं, आणि त्याला पसरट पत्रे लागतात. खऱ्या अंतराळ स्थानकाला ते आहेतच, आतून अमोनिया फिरवलेले, पांढरे, लांबलचक. मालिकेतल्या जहाजाला नाहीत. "रेडिएटर न्हाई, म्हणजे आतली माणसं भाजून निघाली पायजेत," हे त्याचं वाक्य आता पुतणीला इतकं पाठ झालंय की जहाज दिसलं की तीच आधी म्हणून टाकते.

वहिनीला केस खटकतात. इंजिन बंद झालं, वजन गेलं, माणसं चुंबकी बुटांवर खटखट चालतायत, आणि नायिकेचे केस मात्र खांद्यावर शांत पडलेत. "सुनीता विल्यम्सचे केस बघितलं न्हवं? कसं उभं ऱ्हात हुतं?" बघितले होते. नऊ महिने सगळ्या देशानं बघितले. वहिनीनं भौतिकशास्त्र बारावीनंतर सोडलं, पण ही चूक आमच्यात पहिल्यांदा तिनं पकडली. बुटांचं कारण उघड आहे. नट-नट्यांना तारांवर लटकवून तरंगवणं खर्चिक, बूट स्वस्त. हे नवीनही नाही. १९६६ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये माणूस एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उगवायचा, तेही दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवण्याचा खर्च परवडत नव्हता म्हणून. पुढं कित्येकांनी ते यंत्र खरंच शक्य आहे का यावर डोकी शिणवली. दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघताना मला एवढंच कळायचं की असलं काहीतरी शाळेत जायला पाहिजे होतं.

एक गोष्ट लक्षात यायला लागली. ज्याला जे कळतं तिथंच त्याला टोचतं. काही वर्षांपूर्वी इथं वसगड्यात एका पैलवानाच्या मालिकेचं चित्रीकरण चालायचं, लोक वाडा बघायला गाड्या करून जायचे. तेव्हा आमच्या तालमीतली जुनी मंडळी ती मालिका बघून तळमळायची. पैलवान एवढा वेळ घरात असतोय व्हय? खुराक कधी खातोय? मेहनत कधी करतोय? तीच मंडळी पडद्यावर डॉक्टरनं स्टेथोस्कोप उलटा कानात घातला असता तरी हूं का चूं करती ना.

पण सगळ्यात गंमत झाली ती धारेची. सेरेस हा लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोळा, व्यास सुमारे ९४० किलोमीटर. त्याची स्वतःची ओढ पृथ्वीच्या जेमतेम ३५ व्या हिश्श्याएवढी, म्हणून गोष्टीत माणसांनी त्याला गरगर फिरवून आतल्या बोगद्यांत पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश वजन आणलंय. तिथल्या दारूच्या गुत्त्यात पेला भरताना धार सरळ न पडता वळून पडते. फिरत्या जागेत पडणारी वस्तू बाजूला सरकते, त्याचा हा परिणाम. जगभरच्या चाहत्यांनी या एका धारेवर जीव ओवाळून टाकलाय. आमच्या घरातही सरांनी मालिका थांबवायला लावून ती दोनदा बघितली.

त्याच रात्री आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी उभ्या, गवळी बसलेला, आणि ग्लासात थेट धार. पुतणी ग्लास हातात घ्यायचं विसरून त्या धारेकडं बघत राहिली. मग मोबाइल काढून आकडे मांडायला लागली.

"अगं, फेस चाललाय खाली. पी की," मी म्हटलं.

"थांबा की काका, मी गणित करालोय."

गणित असं. सेरेसवर एवढं वजन आणायचं तर त्याला ४० मिनिटांत एक फेरी घ्यावी लागेल. (खरा सेरेस नऊ तास घेतो.) आता फूटभर उंचीवरून दारू ओतली, तर ती खाली पोचेपर्यंत बाजूला किती सरकेल? उत्तर आलं पाव मिलिमीटर. केसाच्या दोन-तीन जाडीएवढं. गुत्त्यातल्या त्या उजेडात, तेही दोन पेले झाल्यावर, ते कुणाच्या बापाला दिसलं असतं?

सर गप्प झाले. मग म्हणाले, "चक्र लहान असतं, भरभर फिरत असतं, तर वळली असती. एवढ्या मोठ्या सेरेसवर न्हाई." आणखी थोडा विचार करून म्हणाले, "दिशा बरोबर आहे, मोजमाप चुकलंय. पेपरात निम्मे मार्क दिले असते." म्हणजे ज्या एका बारकाव्यासाठी ही मालिका शास्त्रशुद्ध म्हणून नावाजली गेली, तोच बारकावा कैकपटींनी फुगवलेला. आणि फुगवला नसता तर दिसलाच नसता. खरीखुरी पाव मिलिमीटरची धार दाखवली असती, तर आम्ही म्हटलं असतं, बघा, लघुग्रहावर आणि पृथ्वीवर दारू सारखीच पडते, यांना विज्ञान कळत नाही.

बाबुराव पेंटरांच्या गावातल्या माणसाला याचं नवल वाटायला नको खरं तर. कॅमेरासुद्धा इथंच घडवून या माणसानं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं. भीमानं कीचकाला नेमका कसा मारला, हे बघायला कोणी गेलं नव्हतं, शरीरशास्त्राच्या पुस्तकाशी ताडूनही कुणी बघितलं नसणार. बाबुराव मुळात रंगारी. रेघ कुठं जाड ओढली की लांबून नीट दिसते, हे हातालाच ठाऊक.

तरीही आमची भांडणं थांबली नाहीत, आणि ती का थांबत नाहीत याचं मला एक कारण दिसतं. विज्ञानाची चूक सिद्ध करता येते. आकडे मांडले, उत्तर आलं, समोरचा गप्प. गोष्ट का भिडली नाही, याचं असं गणित मांडता येत नाही. अमुक पात्र मेलं आणि मला काहीच वाटलं नाही, हे चारचौघांत बोलायला अवघड, शिवाय समोरच्याला रडू आलेलं असलं तर पंचाईत. मग माणूस म्हणतो, त्या जहाजाला रेडिएटर नव्हता. मी दादावर नजर ठेवून आहे. कथा रंगात असली की तो रेडिएटरचं नाव काढत नाही. लांबणीचे राजकीय संवाद सुरू झाले की दहा मिनिटांत काढतो.

जयंत नारळीकर इथलेच, १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती स्वतःच्या नावानं नव्हे, नारायण विनायक जगताप या नावानं. आद्याक्षरं उलटी केलेली. त्यांच्या नावावर विज्ञान तर डोळे झाकून खपलं असतं, जगात त्यांच्याहून ते जास्त कळणारी माणसं होती तरी किती. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. मला नेहमी वाटतं, त्यांना परीक्षा गोष्टीची द्यायची होती. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण विज्ञानबी बरोबरच होतं न्हवं त्यात?" सरांना हरवणं अवघड आहे.

आणि सरांचं सगळंच चुकीचं नाही. पहिल्या भागात एक प्रसंग आहे. पट्ट्यात जन्मलेला, कमी वजनात वाढलेला एक उंच, काटकुळा माणूस पृथ्वीवर पकडून आणलाय. त्याच्याकडून माहिती काढायची, म्हणून त्याला आकड्यांवर टांगून उभा केलाय, बस. कुणी मारत नाही, चटके देत नाही. पृथ्वीचं वजनच त्याच्या हाडांना आणि फुप्फुसांना चिरडतंय. आपण सगळे जे जन्मभर अंगावर वागवतो आणि ज्याची दखलही घेत नाही, त्याचंच छळाचं साधन केलंय. त्या वेळी आमच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. पुढं मालिकेत पट्ट्यातली बाकीची माणसं चारचौघांसारख्याच बांध्याची दिसतात, कारण एवढे उंच नट आणायचे कुठून. तेही कुणाला खटकलं नाही. एकदा तो टांगलेला माणूस बघितला होता, तेवढा पुरला.

याच्या उलट दुसऱ्या सीझनचं. इरॉस नावाचा अख्खा लघुग्रह इंजिनाशिवाय हलतो, समोरून धडकायला येणाऱ्या जहाजाला चुकवतो, आणि आतल्या माणसाला साधा धक्का बसत नाही. जडत्वाचा नियम पार धाब्यावर. मी सरांकडं बघितलं. सर डोळे विस्फारून बघत होते. "सर, न्यूटन?" पुतणीनं टोचलं. "गप. त्यांनाबी कळंना झालंय बघ," सर म्हणाले. खरं होतं. पडद्यावरची माणसंही तितकीच हादरली होती, हे अशक्य आहे म्हणून ओरडत होती. थाप मारणाऱ्यानं आधीच थाप म्हणून सांगितली की आमचे सर उदार होतात. चोरून मारलेली पाव मिलिमीटरचीही त्यांना चालत नाही.

गेल्या महिन्यात सहावा सीझन संपला. त्यात भागच सहा, सगळी घाई. दूरच्या एका ग्रहावरचं कथानक तर सुरू करून तसंच सोडून दिलंय. शेवटची नावं वर सरकायला लागली आणि दादा उठून बसला. रेडिएटर, पत्रे, अमोनिया, या वेळी इंधनाचा हिशेबही नवीन निघाला. वहिनी ताटं आवरत होती. तिथूनच म्हणाली, "शेवट आवडला न्हाई म्हणा की सरळ."

दादा जरा थांबला. "न्हाई आवडला," म्हणाला. "पण रेडिएटर न्हाईच की त्याला."