एक्झॉस्टचा एल्बो बदलायचा की नाही : बोटीच्या इंजिनाबाबतचा माझा अनुभव

बोटीच्या एक्झॉस्टचे गंजलेले भाग केव्हा बदलावेत, असे विचारले की बहुधा दोन उत्तरे मिळतात. खाऱ्या पाण्याचा मारा सोसणाऱ्या बिडाच्या भागांचे आयुष्य साधारण 5 ते 7 वर्षे धरले जाते, तेव्हा तेवढी वर्षे भरली की डोळे मिटून बदलून टाका, हे पहिले. आणि जोवर गळत नाही तोवर हात लावू नका, हे दुसरे. माझ्या बोटीच्या चार सिलिंडरच्या छोट्या डिझेल इंजिनावर गंजाचे ओघळ दिसू लागले, तेव्हा या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान झाले नाही. वर्षांचा आकडा भाग कधी उघडून पाहावा हे ठरवायला उपयोगी पडतो. बदलायचा की नाही, हे मात्र आतली भिंत पाहिल्यावरच ठरवता येते, असे माझे मत झाले आहे.

आधी मी समुद्राचे पाणी नेमके कोणकोणत्या भागांतून जाते याचा माग काढला. माझ्या इंजिनात ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) यांच्यातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फिरते. समुद्राचे पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये त्या कूलंटची उष्णता घेते आणि मग मॅनिफोल्डला जोडलेल्या वाकड्या नळीत, म्हणजे मिक्सिंग एल्बोत, शिरून धुरात मिसळते. धूर तेथे थंड होतो, म्हणूनच पुढे रबरी होज वापरता येतो. इंजिनावर भार असताना 400 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम होणारा धूर, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेले पाणी आणि इंधनातील गंधकापासून बनणारे आम्ल हे तिन्ही एकत्र येतात ते या एल्बोतच, त्यामुळे संशयाची सुई आधी त्याच्याकडेच वळायला हवी. ज्या इंजिनांत समुद्राचे पाणी थेट मॅनिफोल्डमधून फिरते, तेथे मॅनिफोल्ड आणि रायझर (त्यावरची, धूर वर नेणारी उभी नळी) हे दोन्ही भाग तितकेच संशयास्पद ठरतात. माझ्या मॅनिफोल्डला ती झळ नव्हती.

बाहेरचा सगळाच गंज सारख्या वजनाचा नसतो. रंग उडालेल्या पृष्ठभागावरचा तांबूस थर दिसायला वाईट असला तरी तो बहुधा इंजिनाच्या खोलीतल्या दमट हवेचा परिणाम असतो. एल्बो आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातून खाली उतरलेला ओघळ आणि गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या चकतीच्या) कडेला साचलेला मिठाचा पांढरा थर मात्र मला गंभीर वाटला, कारण ते पाणी आतून आलेले होते. ज्या सांध्यातून पाणी झिरपते त्यातून धूरही निसटू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

शिवाय पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचत नव्हते आणि धूर काळा येत होता. बोटीचा तळ शेवाळला असेल, पाण्यातल्या पंख्यावर (प्रोपेलरवर) शिंपले चढले असतील किंवा एअर फिल्टर तुंबला असेल, तरीही हेच घडते. ती कारणे तपासून बाजूला काढल्यानंतर मी एल्बोच्या अलीकडे गेज लावून एक्झॉस्टमधला उलट दाब, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा, मोजला. तो मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तेव्हा एल्बो खोलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

खोलण्याचे काम संयमाचे आहे. गंजलेल्या स्टडवर (मॅनिफोल्डमध्ये रोवलेल्या बोल्टवर) जोर लावला तर ते मॅनिफोल्डमध्येच तुटतात, आणि मग चांगल्या भागाचीही दुरुस्ती करावी लागते. त्यामुळे नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ते मुरू दिले आणि प्रत्येक नट आधी किंचित आवळून मगच सैल केला.

आत काजळीने जवळपास अर्धा मार्ग बुजला होता. बोट नांगरावर असताना केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी इंजिन बिनभाराचे चालवत ठेवले की अशी काजळी धरते. पण काजळी खरवडून काढता येते. एवढ्यावरून भाग टाकून देणे मला पटत नाही. खरा प्रश्न पाणी आणि धूर यांच्यामधल्या भिंतीचा होता. खारे पाणी बिडातले लोह हळूहळू काढून नेते आणि मागे ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो. भागाचा आकार तोच राहतो, ताकद मात्र गेलेली असते. मी टोच्याने भिंत टोचून पाहिली, तर पाणी आत शिरते त्या बाजूला ती पेन्सिलीच्या शिशासारखी मऊ लागली आणि टोच्याला काळी पूड आली. निर्णय तेथेच झाला.

भिंत फुटली तर किती पाणी पुरे होते, याचा हिशेबही मी मांडला. 500 घन सेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये दाबाचे प्रमाण 20 : 1 असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे 26 घन सेंटिमीटर असते, म्हणजे जेमतेम पाच चहाचे चमचे. इंजिन बंद असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी उतरले, तर सुरू करताना ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा स्थितीत आणखी एक हंगाम काढू या, असे म्हणण्यात काटकसर कसली?

एल्बोबरोबर होज आणि त्याचे क्लॅम्पही बदलले, कारण होजचा आतला थर सुटून फुगला होता आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नव्हता. गॅस्केट अर्थातच नवे घातले. मॅनिफोल्डचे जोडपृष्ठ सपाट आणि भिंती टणक होत्या, म्हणून तो तसाच ठेवला. नवा एल्बो स्टेनलेस स्टीलचा घेतला; तोही गरम खाऱ्या पाण्यात वेल्डिंगच्या जोडांपाशी खड्डे पडून फुटू शकतो, तेव्हा त्याला मी अमर मानत नाही.

जुना एल्बो करवतीने उभा कापून पाहिला. तोंडाशी बरी जाडी असलेली भिंत वळणाच्या आत कागदासारखी पातळ झाली होती, आणि ती जागा आरशाने किंवा टोच्याने कधीच हाती लागली नसती. म्हणून नव्या एल्बोसाठी उलट दाबाचा आणि वळणावरील तापमानाचा सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला आहे. हे आकडे चढू लागले किंवा सांध्यावर पांढरा थर दिसला, तर वर्षे न मोजता तो खोलायचा. एरवी दर दुसऱ्या वार्षिक देखभालीला.