मेल सर्व्हरची मेमरी: ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ बघा

लिनक्सवर ‘फ्री’ कमांड चालवली की मोकळी मेमरी जेमतेम दिसते आणि उगाच धास्ती वाटते. डव्हकॉटने (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) वाचलेल्या फाइली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कॅशमध्ये (मेमरीतला तात्पुरता साठा) ठेवतो. गरज पडताच ती जागा सुटते. म्हणून त्याच कमांडचा ‘अव्हेलेबल’ रकाना पाहा. ‘व्हीएमस्टॅट ५’ ही कमांड दर पाच सेकंदांनी आकडे दाखवते; तिच्यात ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (डिस्कवरच्या स्वॅपमधून मेमरीत येणारा आणि मेमरीतून तिथे जाणारा डेटा) सतत शून्याच्या वर राहिले, तर टंचाई खरी. (पहिली ओळ सोडा, ती बूट झाल्यापासूनची सरासरी.)

सगळ्यात खादाड बहुधा क्लॅमएव्ही, म्हणजे मेल तपासणारा अँटिव्हायरस. व्हायरस सिग्नेचरचा (व्हायरस ओळखायच्या खुणांचा) साठाच १ जीबीच्या आसपास जातो, आणि नवा साठा चढेपर्यंत जुनाही मेमरीत राहतो, म्हणजे जवळपास दुप्पट. २ जीबीच्या सर्व्हरवर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारी कर्नलची यंत्रणा) नेमका तेव्हाच क्लॅमडी, म्हणजे क्लॅमएव्हीची सतत चालणारी सेवा, मारतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडमध्ये नोंद सापडते. क्लॅमडीच्या सेटिंगमध्ये ‘कन्करंटडेटाबेसरीलोड’ला ‘नो’ दिलं की दोन्ही साठे एकदम मेमरीत राहत नाहीत आणि हे टळतं. मात्र नवा साठा चढेपर्यंत तपासणी थांबते, मेल रांगेत अडकतात. तरी माझ्या मते हे परवडतं.