तरुण कॅबर्ने-मर्लोची पारख : सोलापुरातील चाखणीची नोंद

या फेरीसाठी आमच्या गटाने निवडलेली बाटली नाशिक भागातील आहे. ती कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची, गेल्या हंगामातली आणि हजार रुपयांच्या आत मिळणारी आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर बाटली किती दिवस आणि कोणत्या तापमानात उभी होती हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि एका बाटलीवरून उत्पादकाला बरेवाईट ठरवणे रास्त नाही. येथे पारख आहे ती फ्रान्समधील बोर्दोच्या धाटणीच्या स्वस्त आणि तरुण लाल वाइनची. अशी वाइन सोलापूरसारख्या गावात कोणत्या कसोट्यांवर तपासावी, आणि त्यातही तापमानाची कसोटी सर्वांत आधी का लावावी, हे या नोंदीत मांडायचे आहे.

बोर्दोची धाटणी म्हणजे मुळात मिश्रणाची धाटणी. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी बनते. तिच्या डाव्या तीरावरील मेदोकच्या गोटेमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीत कॅबर्ने सोव्हिन्यों प्रमुख असते, तर उजव्या तीरावर सेंत-एमिल्यों आणि पोमरोल येथील चिकणमाती व चुनखडीच्या जमिनीत मर्लोचे राज्य असते. कॅबर्ने फ्रां, पेती व्हेर्दो, माल्बेक आणि कार्मेनेर ही त्या मिश्रणातील परंपरेने चालत आलेली इतर द्राक्षे होत. तेथे मिश्रण करण्यामागे चवीइतकाच हवामानाचा हिशेब आहे. मर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. शरदातला पाऊस एकीला गाठेल तर दुसरी वाचेल, हा शेतकऱ्याचा साधा विमा आहे.

आपल्याकडे हा विमा लागत नाही. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी होते. त्यामुळे वाइनची द्राक्षे कोरड्या हिवाळ्यात पिकून साधारण जानेवारी अखेरीपासून मार्चपर्यंत तोडली जातात आणि पिकण्याच्या काळात पावसाची धास्ती बोर्दोइतकी नसते. म्हणून येथे कॅबर्नेत मर्लो मिसळली जाते ती केवळ चवीसाठी. कॅबर्नेची चव जिभेच्या टोकाला आणि घशाजवळ ठसते, पण मधला भाग थोडा पोकळ राहतो, आणि तो भरून काढण्याचे काम मर्लोने करायचे असते. ते काम झाले आहे की नाही, हा या बाटलीपुढचा खरा प्रश्न होता.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात अकलूजला फ्रातेल्लीसारखा वाइन-उद्योग असताना नाशिकची बाटली कशासाठी, असे वाचक विचारतील. त्या मळ्याची ओळख इटालियन आहे. तस्कनीचे पिएरो मासी तेथील वाइनचे जनक, आणि ‘सेत्ते’ ही त्यांची नावाजलेली वाइन सान्जोव्हेझे हे इटालियन द्राक्ष व कॅबर्ने सोव्हिन्यों यांची. ती तस्कनीच्या वाटेने जाणारी वाइन आहे, बोर्दोच्या नव्हे, आणि तिची पारख वेगळ्या फेरीत व्हायला हवी. खुद्द बोर्दोची साधी बाटली घ्यायची तर कित्येक वर्षे १५० टक्क्यांच्या आयातशुल्काने तिची किंमत येथे दुपटीच्या पुढे नेऊन ठेवली आहे. त्या पैशात मिळणारी बाटली स्वस्त या वर्गात बसत नाही.

आता तापमान. जुन्या पुस्तकांत लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे लिहिलेले आढळते, पण ती खोली थंड देशातली, जाड दगडी भिंतींची असते. आपल्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पंखा चालू असतानाही ३४-३५ अंश सहज असतात आणि बाहेर पारा ४२च्या वर जातो. म्हणून या वेळी एकच बाटली तीन तापमानांना चाखली. पहिला ग्लास फ्रिजमधून काढल्यावर साधारण १२ अंशांना, दुसरा १७ अंशांना आणि तिसरा २६ अंशांच्या पुढे गेल्यावर. मोजणीसाठी स्वयंपाकघरात वापरतात तो दांडीचा थर्मामीटर पुरतो.

बारा अंशांना ही वाइन कडक वाटली. गंध जवळजवळ बंद होता, तुरटपणा हिरड्यांवर चढत होता आणि शेवटी थोडा कडवटपणा राहत होता. एवढ्यावरच कोणी मत दिले असते तर ‘कच्ची, रासवट’ असे दिले असते. सव्वीस अंशांना नेमके उलटे झाले. अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरली, फळाचा वास मुरंब्यासारखा गोडसर आणि शिजलेला लागला, तुरटपणा सैल झाला आणि घशात ऊब राहिली. तेथे मत पडले असते ‘जड, बेढब’. सतरा अंशांना मात्र फळ, आंबटपणा आणि तुरटपणा हे तिन्ही आपापल्या जागी दिसले. बाटली तीच, पेय तेच, आणि निकाल तीन. त्यामुळे ज्या चाखणीत तापमान लिहिलेले नाही ती चाखणी मी यापुढे तुलनेसाठी धरणार नाही, मग ती गटातल्या कितीही जाणत्या माणसाची असो.

उपाय अवघड नाही. पातेल्यात पाणी आणि बर्फ घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवली की पंधरा-वीस मिनिटांत ती तिशीवरून सतरा-अठराच्या आसपास येते. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी लवकर काम करते, कारण ते बाटलीच्या काचेला सगळीकडून भिडते. ग्लासात मात्र एका वेळी ५० मिलिलिटरहून अधिक ओतू नये. आपल्या खोलीत तेवढी वाइनही काही मिनिटांतच तापू लागते, आणि भरलेला ग्लास हातात धरून गप्पा मारणाऱ्याला शेवटचा घोट निराळ्याच पेयाचा मिळतो.

ग्लासाविषयी थोडे. चाखणीसाठी १९७७च्या आयएसओ ३५९१ मानकाचा, तोंडाशी निमुळता आणि सुमारे २१५ मिलिलिटर मावणारा ग्लास पुरेसा आहे. मोठा फुगीर ग्लास दिखाऊ असतो आणि स्वस्त वाइनचा अल्कोहोल अधिकच पुढे आणतो. खरी अडचण ग्लास धुण्याची आहे. नळाच्या पाण्याला काही दिवस क्लोरीनचा वास येतो आणि तो वाळलेल्या ग्लासातही रेंगाळतो, म्हणून शेवटचे विसळणे गाळलेल्या पिण्याच्या पाण्याने करावे. पुसण्यासाठी नवा टॉवेल घेऊ नये. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण नव्याचे तंतू काचेला चिकटतात. अनेकदा धुतलेले, साबणाचा वास न राहिलेले जुने सुती कापड उत्तम.

रंगावर फार वेळ घालवण्यासारखे काही नव्हते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला तर मधोमध गडद माणिक रंग आणि कडेला स्वच्छ जांभळी झाक दिसली, जी तरुण वाइनची खूण आहे. ती विटकरी दिसली असती तर शंका घेतली असती. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून काहीजण प्रत ठरवतात, परंतु त्यातून मुख्यतः अल्कोहोलचा अंदाज मिळतो.

गंधाच्या बाबतीत परदेशी टिपणांची नक्कल करू नये असे माझे ठाम मत आहे. कॅबर्नेबद्दल जे ब्लॅककरंट नावाचे युरोपी फळ, देवदार आणि सिगारच्या पेटीचे वर्णन येते, त्यातले अर्धे जिन्नस आपल्यापैकी अनेकांनी हुंगलेले नसतात. न हुंगलेल्या वासाचे नाव लिहिणे म्हणजे टिपण सजवणे झाले. मला या वाइनमध्ये आधी पिकलेले जांभूळ आणि थोडे करवंद मिळाले. ग्लास फिरवल्यावर चिरलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास वर आला आणि मागे व्हॅनिलाची हलकी छटा राहिली. मिरचीचा वास हा भास नव्हे. कॅबर्नेच्या कुळातील द्राक्षांत पायरझीन नावाची संयुगे असतात, ती फळ पिकताना आणि ऊन मिळताना कमी होत जातात. आपल्याकडे उन्हाची वाण नाही, तरीही तो वास आला, याचा अर्थ घड पानांच्या दाट सावलीत राहिले असावेत किंवा आंबटपणा टिकवण्यासाठी तोडणी लवकर झाली असावी. थोड्या प्रमाणात हा वास मला आवडतो, त्याने जांभळाच्या गोडसरपणाला आवर बसतो. येथे तो किंचित अधिक होता. व्हॅनिलाची छटा ओकच्या लाकडाची आहे. २२५ लिटरच्या बोर्दोच्या पिंपाचा खर्च या किमतीत बसत नाही, तेव्हा ती वाइनमध्ये टाकलेल्या ओकच्या चिपांमधून, म्हणजे लाकडाच्या लहान तुकड्यांमधून, आली असावी असा माझा तर्क आहे. यात काही गैर नाही. युरोपीय संघानेही २००६ मध्ये चिपांना परवानगी दिली. छटा फळावर स्वार झाली नाही एवढे पुरे.

दोष शोधताना ओल्या पुठ्ठ्याचा, व्हिनेगरचा किंवा कुजक्या अंड्याचा वास आढळला नाही. या बाटलीला फिरकीचे झाकण होते, त्यामुळे बुचाच्या दोषाचा प्रश्न जवळपास नव्हताच.

तोंडातली पारख अधिक खोलवर करावी लागते. तरुण लाल वाइनचा कणा टॅनिन असतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, ओढल्यासारखे वाटते. परंतु सर्व टॅनिन सारखे नसते. सालीचे टॅनिन पिकलेले असेल तर जिभेवर बारीक भुकटीसारखे पसरते, हिरव्या बियांचे टॅनिन टोचते आणि दाढांच्या मागे कडवट होते. हे आमच्या गटातील पंढरपूरकडच्या बागायतदार मित्राला पटवायला वेळ लागला, कारण त्याची सगळी हयात सोनाका आणि थॉमसन या खाण्याच्या द्राक्षांच्या पातळ सालीच्या, बिनबियांच्या मण्यांत गेलेली आहे. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. गर जवळपास रंगहीन असतो, रंग आणि टॅनिन सालीतून येतात, आणि मणी लहान असल्याने रसाच्या मानाने साल जास्त मिळते. तोडणीच्या आधी बी चावून पाहतात. ती तपकिरी आणि कुरकुरीत झाली असेल तर पिकली. हे ऐकून मित्र म्हणाला, “आम्ही फक्त ब्रिक्स बघतो की राव.” ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, वाइनलाही लागतेच, साधारण २३ ब्रिक्सच्या रसातून १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल मिळते. पण गरम प्रदेशात साखर झपाट्याने वाढते आणि बी मागे राहते, हीच आपल्याकडची अडचण आहे. या बाटलीतील टॅनिन मध्यम होते, हिरड्यांवर आधी गुळगुळीत आणि शेवटी थोडे टोचरे. म्हणजे साल पिकलेली आणि बी पूर्ण न पिकलेली, असे मी लिहून ठेवले.

आंबटपणाची तपासणी सोपी आहे. घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही बाजूंना पाणी किती सुटते ते पाहावे. उन्हात मॅलिक आम्ल जळून जाते, त्यामुळे उष्ण प्रदेशात रसात टार्टारिक आम्ल मिसळण्याची पद्धत आहे. प्रमाण बिघडले तर आंबटपणा चवीत न मुरता वेगळा उभा राहतो. येथे तो मुरलेला होता, आणि या किमतीत ही मला सर्वांत जमेची बाजू वाटली. मर्लोने मधली पोकळी भरली का? अर्धवट. घोट तोंडात घेताच फळ आले, मध्यावर क्षणभर पातळ झाले आणि मग टॅनिनने ताबा घेतला. चव गिळल्यानंतर सहा-सात सेकंद टिकली. फ्रेंच पारखी ज्याला कॉदाली म्हणतात ते एकक म्हणजे एक सेकंद, त्या मापाने ही लांबी साधारण आहे.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा १७ अंशांना चाखली. ढोबळी मिरची बरीच मावळली होती, जांभूळ पुढे आले होते, टोचरेपणा मात्र तसाच होता. हवेने गंध खुलतो, पण न पिकलेल्या बीचे टॅनिन एका रात्रीत सुधारत नाही. फळ दुसऱ्या दिवशी टिकले म्हणजे बाटलीत वर्षभर राहण्याइतका दम आहे असे मी मानतो. पाच-दहा वर्षे जपण्याचा विचार मात्र कोणी करू नये, आणि घरात थंड जागा नसेल तर मुळीच करू नये.

जेवणासोबतची चाखणी गुणांत धरत नाही, पण नोंद करतो. ज्वारीची कडक भाकरी दोन घोटांमध्ये तोंड स्वच्छ करायला बिस्किटांपेक्षा चांगली, कारण तिला स्वतःचा गोडवा किंवा तूप-तेल नसते. शेंगाची चटणी हे मात्र दुधारी प्रकरण आहे. दाण्याचे तेल आणि मीठ टॅनिनला मऊ करतात, पण तिखट आणि लसूण अल्कोहोलचा दाह वाढवतात. झणझणीत मटणाच्या रश्शासमोर ही वाइन टिकली नाही, सुक्या, कमी तिखट मटणाबरोबर ती सुरेख लागली.

गुण आमच्या नेहमीच्या वीसच्या मापात देतो. रूपाला २ पैकी २, गंधाला ६ पैकी ३.५, चवीला ८ पैकी ५.५, समतोल आणि शेवट यांना ४ पैकी २.५, एकूण १३.५. गटातील दोघांनी १५ दिले, एकाने ११. या फरकाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. २४ मे १९७६ रोजी वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये घेतलेल्या प्रसिद्ध आंधळ्या, म्हणजे वाइनचे नाव न सांगता केलेल्या, चाखणीतही परीक्षक वीसपैकीच गुण देत होते, आणि एकाच वाइनला वेगवेगळ्या परीक्षकांकडून फार निराळे गुण पडले होते. त्या चाखणीत कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने बोर्दोच्या नामवंतांच्या पुढे गेली. आमच्या ११ आणि १५ मधला वाद मिरचीच्या वासावरून होता. एकाला तो दोष वाटला, दुसऱ्यांना वळण.

पुढच्या फेरीत याच भागातील, याच हंगामातील निव्वळ मर्लो आणि निव्वळ कॅबर्ने घ्यायच्या आहेत. दोन्ही बाटल्या कापडात गुंडाळून १७ अंशांना चाखायच्या, आणि मग दोन्ही वाइन मेजावरच अर्ध्या-अर्ध्या मिसळून तिसरा ग्लास भरायचा. मर्लोचे प्रमाण निम्म्यावर नेले तर मधली पोकळी भरेल असा माझा अंदाज आहे, बागायतदार मित्राचे म्हणणे आहे की दोष प्रमाणाचा नसून तोडणीच्या तारखेचा आहे.