एक गुडघा गेला आणि अख्खी लाईन हलली

मी मूळची कोल्हापूरची. पुण्यात फिजिओथेरपी केली, मग अमेरिकेत येऊन ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि आता इकडच्याच एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमसोबत काम करते. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि खांद्याला पॅड लावून खेळतात तो. मैदानात कोणी पडलं की सगळ्यात आधी आम्ही धावायचं, तिथल्या तिथे तपासायचं, खेळू द्यायचं की नाही ते ठरवायचं आणि मग पुढचे कित्येक महिने त्या पोराचं रिहॅबही आम्हीच करून घ्यायचं. डॉक्टर सोबत असतातच, पण सकाळी उजाडायच्या आधी ट्रेनिंग रूमचं दार आम्हीच उघडतो.

इथला सीझन छोटा असतो. ऑगस्टच्या शेवटी सुरू, नोव्हेंबर संपता संपता खलास, रेग्युलर मॅच फक्त 12 आणि आठवड्याला एकच. म्हणजे कोणाचा घोटा मुरगळला आणि पोरगा तीन मॅच बाहेर बसला तर त्याचा पाव सीझन गेला. किमान सहा मॅच जिंकल्या तर सीझननंतरच्या बोल गेमला, म्हणजे मानाच्या जादा मॅचला, जाता येतं, आणि आमच्यासारख्या मधल्या फळीतल्या टीमला त्या सहाचं केवढं अप्रूप असतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या चारही मॅच जिंकून आम्ही पाचवीला उतरलो होतो, घरचं मैदान, स्टेडियम फुल. पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या पहिल्या पाव भागात, आमचा लेफ्ट टॅकल पडला. हा लाईनमध्ये, म्हणजे पुढे भिंतीसारखे उभे राहणाऱ्या पाच जणांत, सगळ्यात डावीकडचा गडी, जवळजवळ 140 किलोचा. क्वार्टरबॅक, म्हणजे मागे उभा राहून डाव चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, उजव्या हाताने फेकणारा असला की फेकताना त्याची पाठ डावीकडे असते, तिकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही, ती बाजू सांभाळायची ती या माणसाने. त्याला समोरच्याने पाडलं नव्हतं, बाजूला चाललेल्या धडपडीत आमचाच एक पोरगा मागे कोसळला तो थेट याच्या पायावर. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा आत वळला. दोन्ही गुडघ्यांना ब्रेस होते तरी.

मी पोचले तेव्हा तो ओरडत वगैरे नव्हता, नुसता दोन्ही हातांनी गवत मुठीत धरून पडला होता. म्हणाला, "डॉक, आवाज आला." गुडघ्याच्या दुखापतीत पहिली दोन-चार मिनिटं फार मोलाची असतात, एकदा सूज आली आणि भोवतालचे स्नायू आवळले की हाताला काही नीट लागत नाही. लॅकमन टेस्ट म्हणून असते, गुडघा 20-30 अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. माझे हात लहान आणि त्याची मांडी माझ्या कमरेएवढी, म्हणून अशा पोरांना मी माझाच गुडघा त्यांच्या मांडीखाली टेकवून करते. आतलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, शाबूत असेल तर नडगी थोडी सरकून खट्कन अडते. याची अडलीच नाही, मऊपणे पुढे येत राहिली. दुसऱ्या पायाला करून बघितलं, तिकडे व्यवस्थित अडली. मी काही बोलायच्या आधीच त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला पण आम्हा दोघांनाही तिथेच कळलं होतं की एसीएल, म्हणजे तेच लिगामेंट, गेलंय.

आता खरी गोष्ट पुढे आहे आणि ती टीव्हीवर नीट दिसत नाही. कॉमेंटेटर म्हणतो एक खेळाडू गेला, दुसरा आला. तसं नसतं हो. समोरच्या टीमची डिफेन्स लाईन सारखी बदलत राहते, चार दमले की ताजे चार येतात, पण ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन चढाई करणाऱ्या बाजूच्या लाईनचे पाच जण एका मॅचला साधारण 70 स्नॅप, म्हणजे एकेक डाव, सलग खेळतात, एका गाड्याला जुंपलेल्या बैलांसारखी त्यांची पावलं एकमेकांना बांधलेली असतात. शेजारचा कधी वळणार, कोणाला सोडणार, कोणाला पुढच्याच्या हवाली करणार, हे बोलून होत नाही, महिनोन्‌महिने एकत्र खेळून अंगात मुरलेलं असतं.

त्या दिवशी काय झालं, तर राइट टॅकलला उचलून डावीकडे नेलं. म्हणजे त्याचा पुढचा पाय मागे, मागचा पुढे, जमिनीला टेकायचा हात बदलला, सगळंच उलटं. उजवीकडे आला दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा, ज्याने तोपर्यंत निकाल आधीच लागलेल्या मॅचच्या शेवटीच चार स्नॅप खेळले असतील. आता दोन्ही कडा कच्च्या म्हटल्यावर लाईनच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टाइट एंडला पास घ्यायला पळवायचं सोडून ब्लॉकिंगला थांबवलं, चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकलाही मागे ठेवलं, साहजिकच पास झेलायला पळणारे रिसीव्हर कमी झाले, ते कमी झाले म्हणून क्वार्टरबॅकला मोकळा माणूस सापडेना, सापडेना म्हणून तो चेंडू जास्त वेळ हातात धरून ठेवायला लागला आणि जास्त वेळ धरला की मार खाणारच. मी साइडलाइनला लेफ्ट टॅकलच्या गुडघ्याला बर्फ बांधत होते आणि एक डोळा क्वार्टरबॅकवर ठेवून होते, कारण हे असंच घरंगळत जातं हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला मागून फटका बसला, डोकं टर्फवर आपटलं. तो उठला, आपल्या पायांनी चालला, पब्लिकने टाळ्या वाजवल्या. पण आमच्या सेंटरने, लाईनच्या मधल्या गड्याने, हात वर करून आम्हाला खूण केली, कारण क्वार्टरबॅकने हडलमध्ये, म्हणजे डाव ठरवायला जमतात त्या घोळक्यात, प्ले सांगितली ती आधीचीच होती आणि मग परत तीच सांगितली. त्या सेंटरचे उपकार मी कधीच विसरणार नाही. विसाव्या वर्षी, हरत आलेल्या मॅचमध्ये, स्वतःच्या क्वार्टरबॅकला बाहेर काढायला सांगणं सोपं नसतं.

साइडलाइनला निळा तंबू असतो, आत तपासताना कॅमेऱ्याला आणि पब्लिकला दिसू नये म्हणून. त्यात घेतलं. आपण कुठल्या मैदानावर आहोत? बरोबर सांगितलं. आत्ता कुठला हाफ चालू आहे? दुसरा. शेवटचा स्कोअर कोणी केला? आम्ही, म्हणाला. तो स्कोअर समोरच्यांनी केला होता आणि त्यावेळी हा माझ्या शेजारी पाणी पीत उभा होता. शब्दांची यादी वाचून परत सांगायला लावलं, त्यातले निम्मेही जमले नाहीत. टीम डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का बसलेला खेळाडू त्या दिवशी परत खेळत नाही, हा एनसीएएचा, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, नियमच आहे आणि यात कोच कितीही मोठा असला तरी शेवटचा शब्द मेडिकल स्टाफचा. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि आमच्या स्टुडंट ट्रेनर मुलीला म्हटलं, हे ट्रंकमध्ये टाक आणि तू त्यावर बस, उठू नकोस. हेल्मेट हातात राहिलं तर ही पोरं गर्दीतून गुपचूप मैदानात शिरतात, खरंच शिरतात.

कोच आले, एवढंच विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, "आज नाही." ते क्षणभर थांबले आणि बॅकअपला हाक मारायला वळले. मॅच हरलो.

रविवारी सकाळी ट्रेनिंग रूममध्ये लेफ्ट टॅकलची आई आली होती. एमआरआय आला होता. एसीएल पूर्ण तुटलेलं, सोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादीही. ऑपरेशन आणि किमान नऊ महिने, त्याच्या आत परत उतरणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जायचं प्रमाण बरंच जास्त असतं. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, याला हे वर्ष परत मिळेल का? कॉलेजकडून खेळायची वर्षं मोजकीच मिळतात आणि पोरगा शेवटच्या वर्षाला होता. नियम असा होता की सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जखमी झाला आणि 30 टक्क्यांपेक्षा जास्त मॅच खेळलेला नसेल तर ते वर्ष मोजत नाहीत, 12 मॅचच्या सीझनला म्हणजे चार. हा पाचवीत पडला होता, तीही पहिल्या क्वार्टरला. पाचव्या मॅचचे ते थोडेसे स्नॅप त्याला एका अख्ख्या वर्षाला पडले. मला आजही तो नियम टोचतो. चार मॅच खेळलेल्या पोराचा गुडघा आणि पाच खेळलेल्याचा गुडघा यात डॉक्टरी दृष्टीने काय फरक आहे?

पुढचे आठवडे टीमला फार जड गेले. डावीकडे हलवलेला राइट टॅकल लवकरच हाय ॲंकल स्प्रेनने, म्हणजे घोट्याच्या वरचे लिगामेंट दुखावल्याने, लंगडायला लागला, नवीन बाजू, नवीन पावलं आणि विश्रांती शून्य. प्रॅक्टिसला धडधाकट लाईनमन इतके कमी उरले की कोचने पॅड घालून धडक प्रॅक्टिस जवळपास बंद केली, म्हणजे ज्या नवीन पोरांना सरावाची सगळ्यात गरज त्यांनाच सराव मिळेना. क्वार्टरबॅक दोन मॅच बाहेर होता. एकेक पायरी, आधी सायकल, मग पळणं, मग चेंडू, मग पॅड, आणि डोकं दुखलं की थांबा. तो आल्यावरही मी त्याच्या तोल आणि लँडिंगच्या टेस्ट चालूच ठेवल्या, कारण कन्कशननंतर पुढचे काही महिने गुडघ्या-घोट्याच्या दुखापतीची शक्यता वाढते हे कॉलेज खेळाडूंच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. रोज कोणीतरी ओळखीचं, बिनओळखीचं विचारायचं, शनिवारी कोण कोण खेळणार? सट्टा बऱ्याच राज्यांत कायदेशीर झाल्यापासून हा प्रश्न साधा राहिलेला नाही, आम्ही कोणालाच उत्तर देत नाही.

एक गडी गेला की सगळी टीम हलते म्हटलं की लोक लगेच ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचं उदाहरण देतात. 2014 मध्ये त्यांचा पहिला क्वार्टरबॅक सीझनच्या आधीच खांद्याने गेला, दुसऱ्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला आणि तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सने विस्कॉन्सिन 59-0, मग अलाबामा, मग ओरेगॉन असे तिघांना हरवून नॅशनल टायटल आणलं. खरं आहे, पण जोन्सच्या समोर उभी असलेली लाईन बघा, ती जागेवर होती. उलट बाजूला फ्लोरिडा स्टेटची टीम. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला, तरी टीम 13-0 राहिली, म्हणजे तेराच्या तेरा जिंकली, आणि टीम निवडणाऱ्या कमिटीने ट्रॅव्हिसशिवाय ही वेगळी टीम आहे म्हणत नॅशनल टायटलच्या प्लेऑफला घेतलंच नाही. तोवर एकही मॅच न हरता प्लेऑफ हुकलं त्या पोरांचं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आम्ही शेवटच्या मॅचला सहावा विजय मिळवला, सहा जिंकल्या, सहा हरल्या. लेफ्ट टॅकल तोपर्यंत कुबड्या टाकून साइडलाइनला उभा राहायला लागला होता आणि प्रत्येक ड्राइव्हनंतर, म्हणजे आमची चढाई संपली की, त्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला बाजूला घेऊन पाय कुठे टाकायचा ते दाखवायचा. बोल गेमलाही आला सोबत. पुढच्या स्प्रिंग प्रॅक्टिसपासून आमच्याकडे दोन्ही टॅकल दोन्ही बाजूंनी खेळवतात, आठवड्यातला एक दिवस उलट्या बाजूचा, आणि त्या दिवसाचं वेळापत्रक लाईन कोच आणि मी एकत्र बसून ठरवतो.