उजव्या हाताचा हातमोजा

मशीनच्या स्क्रीन कामगारांना वापरायला कशा जातात, हे तपासणं माझं काम. लोकांना वाटतं मी रंग आणि बटणं निवडतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ ऑपरेटरच्या मागे गप्प उभं राहण्यात जातो, उरलेला सुपरवायझरला तिथून हलवण्यात. तो शेजारी असला की सगळे फॉर्मवर सरसकट ५ पैकी ४ वर टिक करतात. आमचा १० प्रश्नांचा फॉर्म जॉन ब्रूक यांनी १९८६मध्ये केलेला. त्यात एक प्रश्न सुलटा, पुढचा उलटा. सगळीकडे एकच आकडा दिला की गुण १०० पैकी हमखास ५०. ५० दिसले की मी समजतो, न वाचता भरलाय.

त्या दिवशी मिक्सिंग टाकीचं नवं पॅनेल होतं. टाकीत गरम पाणी भरलं की ऑपरेटर काका उजवा हातमोजा काढायचे, टाकीखाली वाकायचे आणि मगच येऊन पुढचं बटण दाबायचे. मी वहीत लिहिलं, ‘हातमोज्यातून टच लागत नाही. अनावश्यक फेरी, ४० सेकंद.’ चौथ्या बॅचला डोक्यात प्रकाश पडला: पॅनेल रेझिस्टिव्ह होतं, दाबावर चालणारं. हातमोजा काढायची गरजच नव्हती.

“काका, खाली काय बघता?”

“बघत नाही, हात लावतो. ड्रेनचा पाइप गार पाहिजे. स्क्रीन म्हणते व्हॉल्व्ह बंद. पाइप गरम लागला तर माल चालला की गटारात!”

प्रोग्रॅमरला गाठलं. स्क्रीनवरचं ‘बंद’ पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, आउटपुटवरून घेतलेलं. म्हणजे व्हॉल्व्हला ‘बंद हो’ सांगितलं, इतकंच स्क्रीनला ठाऊक. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का हे सांगणारा लिमिट स्विच त्यावर होता, पण त्याची वायर जंक्शन बॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेली. “कमांड गेली की बंद होतोच,” म्हणाला. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९मध्ये असाच दिवा होता. बंदचा सिग्नल गेला म्हणून दिवा विझला, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र उघडाच. पाणी वाहून गेलं आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला. हे उदाहरण पाठ असलेली माणसंही वायर गुंडाळून ठेवतात.

वायर जोडली गेली. माझी नोंद मी खोडली. तशीच अहवालात गेली असती तर ४० सेकंद वाचवले म्हणून माझं कौतुकच झालं असतं.

डोक्यातून जात नाही तो काकांचा फॉर्म. नीट वाचून भरलेला, गुण ८५. नववा प्रश्न, वापरताना आत्मविश्वास वाटला का? तिथे ५. तो मी सरासरीत धरलाय. ते ५ स्क्रीनला दिले की स्वतःच्या हाताला, हे विचारायचं राहून गेलं.