कृष्णधवल का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

बंद पडलेले कारखाने, वीजघरं, खाणी यांची आता कलादालनं किंवा नाट्यगृहं झाली आहेत, अशा इमारतींचे फोटो मी काढतो. ते बघून कुणी ना कुणी हमखास विचारतं : हे ब्लॅक अँड व्हाइट का नाही करत? विटा, लोखंड, धुराडं, सगळं आयतंच तर आहे!

आयतं आहे, तीच तर अडचण. कृष्णधवल केलं की असा फोटो आपोआप जुना दिसायला लागतो. काल-परवा बसवलेला कठडा आणि कारखाना उभा राहिला तेव्हाची तुळई, दोन्ही एकाच राखाडीत मिसळून जातात. बघणारा हळहळतो, ‘अरेरे, काय दिवस होते!’ आणि आत तर नाचाचा वर्ग जोरात चालू असतो.

यावर बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याचं नाव पुढे येतंच. बर्न्ड आणि हिला बेखर यांनी १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, गॅसच्या टाक्या टिपल्या. कृष्णधवल, शक्यतो ढगाळ हवेत, सावल्या टाळून. एका जातीच्या टाक्या शेजारी शेजारी लावून त्यांना आकाराशी आकार ताडून बघायचा होता. तिथे रंग लुडबुडच करणार. १९९० च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं तेही शिल्पकलेसाठी, यातच सगळं आलं. त्यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे, पण त्यांचा विषय आकार होता. माझा विषय म्हणजे एकाच भिंतीआड झालेले दोन संसार, आणि ते वेगळे ओळखू येतात ते रंगामुळेच.

अशा इमारतीतला एखादा लोखंडी खांब जवळ जाऊन बघा. खांद्याच्या उंचीपर्यंत गडद हिरवा, त्याच्यावर पिवळट पांढरा. जिथे टवका उडालाय तिथे खालून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, लालसर थर डोकावतो. पायथ्याशी यंत्राचे बोल्ट जमिनीलगत कापलेले, आजूबाजूला तेलाचे काळपट डाग, आणि त्या सगळ्यावर पारदर्शक कोटिंगची नवी चकाकी. डोळ्यांच्या रेषेत आणीबाणीच्या दरवाज्याची हिरवीगार पाटी. आता रंग काढून घ्या. हिरवा आणि तो लालसर थर जवळपास सारख्याच राखाडीचे होतात. जाणकार म्हणतील, चॅनेल मिक्सर वापरून, म्हणजे संगणकावर प्रत्येक रंगाची राखाडी कमी-जास्त करून, ते वेगळे करता येतात की. येतात ना! पण मग कुठला थर उजळ आणि कुठला गडद हे मी ठरवतो, खांब नाही.

काही ठिकाणी तर वास्तुकारांनी नवेपणा रंगातूनच सांगितलाय. जर्मनीत एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथल्या कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर संग्रहालय आहे आणि आतला जिना नारिंगी प्रकाशाने पेटल्यासारखा दिसतो. तो राखाडी केला तर उरतो फक्त एक जिना. ब्राझीलमध्ये साओ पावलोला वास्तुकार लीना बो बार्दी यांनी पिंपांच्या कारखान्याचं ‘सेस्क पोम्पेया’ हे सांस्कृतिक केंद्र केलं. तिथे काँक्रीटच्या मनोऱ्यातल्या वेड्यावाकड्या भोकांना लाल जाळ्या आहेत. त्यांचंही तेच.

सगळ्यात जास्त वेळ जातो उजेडात. जुन्या कारखान्यांचं छप्पर बरेचदा करवतीच्या दात्यांसारखं असतं. उत्तर गोलार्धात त्याच्या काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे ऊन थेट आत येत नाही आणि कामावर एकसारखा प्रकाश पडतो. हा उजेड जरा निळसर असतो. आताच्या कलाकेंद्राने लावलेले दिवे मात्र पिवळे. कॅमेऱ्याला ऑटो व्हाइट बॅलन्सवर सोडलं, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा हे त्यालाच ठरवू दिलं, तर तो दोघांत समेट घडवतो आणि फोटो बेचव करून टाकतो. मी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेला कच्चा फोटो घेतो आणि व्हाइट बॅलन्स आभाळाच्या उजेडावर लावतो. दिवे मग जास्तच पिवळे दिसतात, दिसू देत. कारखान्याचा उजेड कुठे संपतो आणि कलाकेंद्राचा कुठून सुरू होतो, हे फोटोत आपोआप कळतं. खिडकीपाशी मात्र निराळंच दुखणं : बाहेरचं जपावं तर आत अंधार. तिथे कमी-जास्त उजेडाची दोन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडतो, त्यात काही कला नाही.

पण हट्ट म्हणाल तर तसाही नाही. रोमचं मोंतेमार्तिनी वीजघर १९१२ मध्ये सुरू झालं. १९९७ मध्ये तिथल्या अजस्र इंजिनांसमोर प्राचीन संगमरवरी पुतळे आणून ठेवले. पांढरा दगड, मागे काळं लोखंड. तिथे जुनं-नवं काय ते आकारातच दिसतं, आणि रंग मुळातच कमी. ती मालिका कुणी कृष्णधवलमध्ये केली तर माझी काही तक्रार नाही. मीही तशीच करीन.